मंदीने बसविलेली घडी

१९२० सालच्या सप्टेंबर महिन्यात हेन्री फोर्ड ह्यांनी आपल्या मोटारींच्या किंमती एकाएकी वीस ते तीस टक्क्यांनी उतरविल्या. आदल्या दिवशी ज्या गाडीला ५७५ डॉलर पडत होते ती दुसऱ्या दिवशी ४४० डॉलरांना मिळू लागली. अमेरिकेच्या व्यापारी जगाला ह्या बातमीचा अर्थ उमगण्यास वेळ लागला नाही. महायुद्ध संपल्यावर दीडएक वर्ष जी तेजी चालली होती तिचा दिवस मावळला, हे त्या देशातील सर्वांत चाणाक्ष कारखानदाराने न बोलता जाहीर केले होते. शेतमालाचे भाव कोसळू लागले होते, बँकांनी व्याजाचे दर चढविले होते. आणि मोटारीचा गिऱ्हाईक तर बहुतांशी शेतकरी आणि गावोगावचा छोटा व्यापारी. तो दुकानाकडे फिरकेनासा झाला.

फोर्ड ह्यांची एकच गाडी होती आणि मालकही एकच होता. त्यामुळे निर्णय एका माणसाने घेतला आणि तो अमलात आला. त्यांच्या प्रतिस्पर्ध्याची, म्हणजे जनरल मोटर्स कंपनीची, गोष्ट अगदी निराळी होती. आज मी आपल्याला सांगणार आहे ती ह्या दुसऱ्या कंपनीची हकीकत. मोठ्या उद्योगसंस्था मंदीच्या काळात आपली घडी कशी बदलतात ह्याविषयी पुढे पुष्कळ शास्त्र तयार झाले. विद्यापीठांतून त्याची अध्यासने निघाली. परंतु त्या शास्त्राचा फार मोठा भाग ह्या एका कंपनीने १९२० ते १९२४ ह्या चार वर्षांत ठेचा खाऊन जे शिकले त्यावर उभा आहे.

जनरल मोटर्सचे संस्थापक विल्यम ड्यूरंट हे मिशिगन संस्थानातील फ्लिंट ह्या गावचे. घोडागाड्या बनविण्याच्या धंद्यात त्यांनी प्रथम पैसा मिळविला. १९०४ साली ब्यूइक ही डबघाईला आलेली मोटारकंपनी त्यांनी हाती घेतली, आणि १९०८ च्या सप्टेंबरात जनरल मोटर्सची स्थापना केली. ह्या गृहस्थांना कंपन्या विकत घेण्याचा नाद होता. ओल्ड्समोबिल घेतली, कॅडिलॅक घेतली, ओकलंड घेतली. सुटे भाग बनविणाऱ्या लहानमोठ्या किती पेढ्या घेतल्या ह्याची गणतीच नाही. १९१० साली रोकड संपली, तेव्हा बँकवाल्यांनी कर्ज दिले ते कंपनीचा कारभार पाच वर्षे आपल्या हाती घेण्याच्या अटीवर. ड्यूरंट बाहेर पडले. पण स्वस्थ बसण्याचा त्यांचा पिंड नव्हता. शेव्हरोले नावाची नवी कंपनी काढून, तिच्या भागांच्या बदल्यात जनरल मोटर्सचे भाग गोळा करीत करीत १९१६ पर्यंत त्यांनी आपली जुनी कंपनी पुन्हा काबीज केली. असा पराक्रम उद्योगाच्या इतिहासात विरळा. मात्र पहिल्या अपयशापासून ते काही शिकले होते, असे त्यांच्या पुढील वागणुकीवरून दिसत नाही.

ह्या दुसऱ्या डावात त्यांना भांडवल मिळाले ते डेलावेअर संस्थानातील ड्यू पाँट ह्या दारूगोळ्याच्या कारखानदारांकडून. महायुद्धात दारू विकून ह्या घराण्याच्या कंपनीने अलोट नफा मिळविला होता आणि तो गुंतवायचा कोठे हा तिच्यापुढे प्रश्न होता. १९१७ च्या अखेरीस तिने अडीच कोटी डॉलर जनरल मोटर्सच्या भागांत घालण्याचे ठरविले, आणि पुढे त्यात आणखी भर घातली. पैसा आला, तशी ड्यूरंट ह्यांची हौसही वाढली. ट्रॅक्टर, बर्फपेट्या, मोटारींचे साटे, डेट्रॉइटमध्ये प्रचंड कचेरी, सगळे एकदम सुरू झाले.

कारखान्यांची संख्या वाढली, पण त्यांना एकत्र बांधणारा दोर कोठेच नव्हता. प्रत्येक शाखेचा प्रमुख आपापल्या जहागिरीचा स्वामी. कोणी किती पोलाद मागवावे, किती कातडे, किती रबर, ह्यावर मध्यवर्ती कचेरीने मर्यादा घातल्या होत्या, पण त्या पाळल्या जातात की नाही हे पाहणारे कोणी नव्हते. भाव चढत असताना जो तो अधिकाधिक माल साठवीत गेला. १९२० च्या ऑक्टोबरात सर्व शाखांच्या गोदामांतील मालाची किंमत २० कोटी ९० लाख डॉलरांवर पोहोचली. घालून दिलेल्या मर्यादेपेक्षा ती सुमारे सहा कोटींनी अधिक होती, आणि गाड्यांचा खप तर त्याच वेळी बसला होता. पुरवठेदारांची बिले चुकती करावयास व मजुरांचा पगार वाटावयास काही शाखांजवळ पैसे उरले नाहीत. बँकांकडून आठ कोटींहून अधिक कर्ज काढावे लागले. नवे वर्ष उजाडले तेव्हा ब्यूइक आणि कॅडिलॅक ह्या दोन शाखा वगळता बाकीचे मोटार कारखाने जवळजवळ बंद पडले होते.

रोकडीची गोष्ट तर विनोदीच म्हटली पाहिजे. प्रत्येक शाखेचे बँकेतील खाते स्वतंत्र. विक्रीचा पैसा तिच्याच खात्यात जमा होई. मध्यवर्ती खजिनदाराला कर भरावयाचा असो की भागधारकांना लाभांश वाटावयाचा असो, त्याने शाखांकडे जाऊन पैसे मागावयाचे. ब्यूइक ही सर्वांत श्रीमंत शाखा. पण आपल्या गल्ल्यात किती आहे हे ती महिना-दोन महिने सांगतच नसे. मग खजिनदाराने फ्लिंटला जावयाचे, इकडच्या तिकडच्या गप्पा मारावयाच्या, सोबत जेवण करावयाचे आणि संधी साधून हळूच विषय काढावयाचा! एकत्र कुटुंबात प्रत्येक भावाने आपली कमाई आपल्या पेटीत कुलूपबंद ठेवावी, आणि घरच्या कर्त्याने सणासुदीच्या खर्चासाठी एकेकाच्या खोलीचे दार ठोठवावे, तसा हा प्रकार. सुगीच्या दिवसांत अशा घरातही कोणाचे काही अडत नाही. दुष्काळ पडला की मात्र त्याची कळा उघडी पडते.

इकडे ड्यूरंट दुसऱ्याच संकटात सापडले होते. आपल्या कंपनीच्या भागांचा बाजारभाव घसरू नये म्हणून ते स्वतःच्या नावावर, उधारीने, भाग विकत घेत सुटले होते. एका माणसाने समुद्राची ओहोटी अडवू पाहावी, त्यातला हा प्रकार. भाव पडतच राहिले. नोव्हेंबरात हिशेब मांडला तेव्हा त्यांचे देणे कोट्यवधी डॉलरांच्या घरात गेलेले आढळले. ते नादार ठरले असते तर त्यांच्यामागोमाग दलालांच्या अनेक पेढ्या आणि कदाचित कंपनीही गेली असती. ड्यू पाँट आणि मॉर्गनची पेढी ह्यांनी घाईघाईने एकत्र येऊन त्यांचे भाग घेतले, देणी भागविली. आणि नोव्हेंबरच्या अखेरीस ड्यूरंट आपण स्थापन केलेल्या कंपनीतून दुसऱ्यांदा, आणि कायमचे, बाहेर पडले. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ह्याच फ्लिंट गावी ते चेंडूच्या एका खेळघराचा धंदा चालवीत होते. १९४७ साली ते वारले.

ह्याच सुमाराला आपल्या देशातही एका मोठ्या कारखान्यावर असाच प्रसंग ओढवला होता, त्याची येथे सहज आठवण होते. युद्धानंतर परदेशी पोलादाचे भाव कोसळले, तेव्हा जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यात १९२४ साली पगाराला पैसा उरला नाही. सर दोराबजी टाटा ह्यांनी पत्नीच्या दागिन्यांसह आपली सुमारे एक कोटीची खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे गहाण टाकून कर्ज उभे केले. ड्यूरंट ह्यांनीही आपले सर्वस्व पणाला लावले होते, हे विसरता येत नाही. फरक इतकाच की एकाची पुंजी कारखान्याच्या भट्टीला लागली आणि दुसऱ्याची शेअरबाजारात गेली. जमशेदपूरला त्याच वर्षी संरक्षक जकातीचा आधार मिळाला. डेट्रॉइटला असा आधार नव्हता. तेथे घरातलीच व्यवस्था बदलणे भाग होते.

ती बदलण्याचा आराखडा तयारच होता, हा ह्या कथेतील भाग्ययोग. आल्फ्रेड स्लोन हे विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर. चक्रधारा, म्हणजे मोटारीतील रोलर बेअरिंग, बनविण्याचा त्यांचा कारखाना ड्यूरंट ह्यांनी १९१६ साली विकत घेतला होता आणि तेव्हापासून तेही ह्या गोतावळ्यात आले. बोलणे मितभाषी, वृत्ती अभ्यासू, शरीराने कृश. कंपनीच्या कारभारातील हा सावळा गोंधळ पाहून त्यांनी संघटनेविषयी एक टिपण लिहिले आणि १९२० च्या आरंभी ड्यूरंट ह्यांच्या हाती दिले. ड्यूरंट ह्यांनी ते आपुलकीने घेतले आणि बाजूला ठेवले. कंटाळून स्लोन ह्यांनी रजा घेतली, युरोपात गेले, आणि नोकरी सोडून बँकेच्या धंद्यात शिरावे असा विचारही त्यांच्या मनात घोळू लागला. ते परतले तो वादळाची चिन्हे दिसत होती; तेव्हा थांबून पाहावे असे त्यांनी ठरविले. डिसेंबरात पियर ड्यू पाँट अध्यक्ष झाले. त्यांनी ते टिपण वाचले, आणि वर्षाच्या आत नव्हे, महिन्याच्या आत ते मंजूर होऊन १९२१ च्या जानेवारीत अमलातही आले.

त्या टिपणाच्या मुळाशी दोन तत्त्वे होती. एक, प्रत्येक शाखाप्रमुख आपल्या शाखेचा पूर्ण कर्ताधर्ता असावा. कच्च्या मालापासून विक्रीपर्यंत सर्व जबाबदारी त्याची. दुसरे, काही गोष्टींवर मध्यवर्ती सत्तेचा पूर्ण ताबा असावा. त्याशिवाय कंपनी ही कंपनी राहणार नाही. ही दोन तत्त्वे एकमेकांच्या गळ्यात पाय अडकविणारी आहेत हे कोणालाही दिसेल. स्लोन ह्यांनाही ते दिसत होते, आणि पुढे चाळीस वर्षांनी लिहिताना त्यांनी ते मोकळेपणाने मान्य केले आहे. त्यांचे म्हणणे असे की सगळी मेख त्या विसंगतीतच आहे. मला वाटते, राज्यकारभाराचा अनुभव असलेल्या माणसाला ह्यात नवल वाटणार नाही. प्रांतांना स्वायत्तता किती आणि केंद्राला अधिकार किती, ह्या वादावाचून कोणत्या संघराज्याचा दिवस गेला आहे?

पहिला घाव पडला तो साठ्यावर. नवा माल मागविण्यास बंदी झाली. पुढच्या चार महिन्यांत किती गाड्या विकल्या जातील ह्याचा अंदाज प्रत्येक प्रमुखाने द्यावा आणि तो मंजूर झाल्यावर तेवढ्यापुरताच माल घ्यावा असा दंडक आला. भाव पडल्यामुळे जुन्या साठ्याची किंमत वहीत कमी करून लिहावी लागली; तो तोटा कंपनीने उघड सोसला. दीड वर्षात साठा निम्म्याच्या आसपास आला. मग पाळी आली रोकडीची. देशभरच्या सुमारे शंभर बँकांत कंपनीच्या नावाने खाती उघडली गेली. विक्रीचा पैसा तेथे जमा व्हावयाचा, आणि तो काढण्याचा अधिकार फक्त मध्यवर्ती खजिन्याचा. ब्यूइकला जेवावयास जाण्याची खजिनदाराची यातायात संपली. ड्यू पाँट कंपनीतून आलेले डॉनल्डसन ब्राऊन ह्यांनी प्रत्येक शाखेत गुंतलेल्या भांडवलावर किती उत्पन्न पडते ते मोजण्याची रीत घालून दिली. त्यामुळे कोणती शाखा घरादाराला पोसते आणि कोणती बसून खाते, हे प्रथमच आकड्यांत दिसू लागले.

अशा वेळी नेहमी होते तसेच झाले. आकडे दिसताच कुऱ्हाड कोठे घालावी ह्याची चर्चा निघाली. ट्रॅक्टरचा धंदा मोडीत काढला, दोन लहान मोटारी बंद केल्या. बाहेरून बोलाविलेल्या सल्लागार अभियंत्यांनी तर शेव्हरोले शाखाही मिटवून टाकावी असे सुचविले. फोर्डच्या गाडीपुढे तिचा टिकाव लागणे शक्य नाही, असा त्यांचा हिशेब होता. त्या क्षणापुरता तो हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. स्लोन ह्यांनी मात्र पियर ड्यू पाँट ह्यांच्याकडे रदबदली केली आणि ती शाखा वाचली. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९२७ साली, फोर्ड ह्यांना आपली जुनी गाडी बंद करून नवीसाठी कारखाना कित्येक महिने थांबवावा लागला, तेव्हा विक्रीत पहिला क्रमांक पटकावला तो ह्याच शेव्हरोलेने. स्वस्तापासून महागापर्यंत किंमतीच्या सहा पायऱ्या ठरवून, प्रत्येक पायरीवर कंपनीची एकेक गाडी असावी आणि घरच्याच दोन गाड्यांनी एकमेकींचे गिऱ्हाईक ओढू नये, हे धोरण त्याच मंदीच्या वर्षी आखले गेले होते.

नव्या व्यवस्थेचे हे सगळे कौतुक करताना तिची एक फजितीही सांगितली पाहिजे. चार्ल्स केटरिंग हे कंपनीचे अत्यंत बुद्धिमान संशोधक. पाण्याऐवजी हवेने थंड होणारे, तांब्याच्या पात्यांचे एक इंजिन त्यांनी तयार केले, आणि वरिष्ठ मंडळींनी ते शाखांच्या माथी मारले. शाखांचे अभियंते कुरकुरत होते. १९२३ साली अशा सातशेहून थोड्या अधिक गाड्या निघाल्या. गिऱ्हाइकांच्या हाती शंभराच्या आसपास पडल्या, आणि त्या इतका त्रास देऊ लागल्या की साऱ्या परत मागविण्याची पाळी आली. केंद्राने प्रांताचे ऐकले नाही की काय होते ते एकदा दिसले. त्याच वर्षी अध्यक्ष झालेल्या स्लोन ह्यांनी ह्यातून शाखांच्या अभियंत्यांची एक संयुक्त समिती काढली. हुकूम देण्याऐवजी समजूत पटविण्याची ही रीत वेळखाऊ होती, पण त्यांनी ती शेवटपर्यंत सोडली नाही.

१९२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा एकदा खप मंदावला. कागदोपत्री सर्व अंदाज चोख होते. स्लोन स्वतः विक्रेत्यांना भेटावयास निघाले, आणि सेंट लुइस, कॅन्सस सिटी, लॉस एंजेलिस ह्या तिन्ही ठिकाणी त्यांनी अंगणात दाटीवाटीने उभ्या असलेल्या, न विकलेल्या गाड्या डोळ्यांनी पाहिल्या. कारखान्याच्या लेखी त्या विकल्या गेलेल्या होत्या. कारण विक्रेत्याच्या गळ्यात घातली की विक्री झाली, असा तोवरचा हिशेब. त्यांनी ताबडतोब उत्पादन कमी करण्याचा हुकूम सोडला. तेव्हापासून दर दहा दिवसांनी प्रत्येक विक्रेत्याने खरोखर गिऱ्हाइकाला किती गाड्या विकल्या ह्याची माहिती मागविण्यास प्रारंभ झाला. दिसावयास अगदी साधी गोष्ट. पण १९२९ नंतर महामंदी कोसळली तेव्हा कंपनीला तारले ते बहुधा ह्या दहा दिवसांच्या कागदानेच.

महामंदीत कंपनीची वार्षिक विक्री सुमारे एकोणीस लाख गाड्यांवरून १९३२ साली साडेपाच लाखांच्या आसपास उतरली. तीन गाड्यांतील दोन नाहीशा झाल्या म्हणा ना. एवढे होऊनही त्या वर्षी कंपनीला तोटा आला नाही. नफा झाला तो जेमतेम एक लाख पासष्ट हजार डॉलरांचा, पण झाला. शेव्हरोले आणि पाँटिॲक ह्यांचे उत्पादन एकत्र केले गेले, आणि ब्यूइक, ओल्ड्समोबिल व पाँटिॲक ह्यांची विक्री एका छत्राखाली आणली गेली. भागधारकांना दरवर्षी लाभांश मिळत राहिला.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. ही जी घडी इतक्या झटपट आवळता आणि सैल करता येत होती, ती आवळली म्हणजे नेमके काय होत असे? माल कमी मागवावयाचा, आणि माणसेही कमी बोलवावयाची. १९२९ ते १९३२ ह्या तीन वर्षांत कंपनीतील कामगारांची संख्या निम्म्याच्या आसपास आली, आणि पगारापोटी दिली जाणारी एकूण रक्कम तर त्याहूनही अधिक घटली. पोलाद आणि रबर ह्यांच्या साठ्याची जशी चिंता वाहिली गेली तशी ह्या माणसांची कोणी वाहिली, असे कंपनीच्या इतिहासात आढळत नाही. स्लोन ह्यांचा ग्रंथ १९६४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मंदीच्या प्रकरणांत साठ्याचा आकडा आहे, कर्जाचा आहे, भागांच्या भावाचा आहे. फ्लिंटमधील ज्या घरांत चूल पेटण्याची भ्रांत पडली त्यांच्याविषयी त्या पानांतून फारच थोडे हाती लागते. ग्रंथ थोर आहे, आणि मी तो आदराने वाचला आहे. तरी ही उणीव डोळ्यांत खुपल्याशिवाय राहत नाही.

मंदी ओसरू लागली, कारखाने भरले, पण परत आलेल्या मजुराला हे कळून चुकले होते की पुढच्या वेळी सर्वांत आधी आपणच. १९३६ च्या ३० डिसेंबरला फ्लिंटच्या कामगारांनी संप पुकारला तो निराळ्याच तऱ्हेचा. ते कारखान्याबाहेर पडलेच नाहीत; यंत्रांशेजारी ठाण मांडून बसले. कंपनीने न्यायालयाचा हुकूम मिळविला. मिशिगनचे गव्हर्नर फ्रँक मर्फी ह्यांनी सैनिक आणले, परंतु कामगारांना बळाने बाहेर काढण्याचे नाकारले. चव्वेचाळीस दिवसांनी, १९३७ च्या ११ फेब्रुवारीला, कंपनीने कामगारसंघाशी करार केला. अशा रीतीने स्लोन ह्यांच्या आराखड्यात ज्या घटकाला जागा नव्हती, तो दार ठोठावून आत आला.

पुढे सत्तर वर्षे ही घडी टिकली, आणि जगातील शेकडो कंपन्यांनी तिची नक्कल केली. आल्फ्रेड चँडलर ह्या इतिहासकाराने १९६२ साली लिहिलेल्या ग्रंथामुळे ती पाठ्यपुस्तकांतही गेली. पण कोणतीही घडी कायमची नसते ह्याचे प्रत्यंतर ह्याच कंपनीने दिले. २००८ सालच्या आर्थिक अरिष्टात तिची रोकड संपली, आणि २००९ च्या १ जूनला तिने नादारीसाठी न्यायालयात अर्ज केला. अमेरिकेच्या सरकारने सुमारे पाच हजार कोटी डॉलर घालून तिला उभे केले. मंदीतून वाचलेली पाँटिॲक ह्या वेळी बंद पडली. सॅटर्न आणि हमर ह्याही गेल्या. सरकारने आपले अखेरचे भाग २०१३ च्या डिसेंबरात विकले, तेव्हा करदात्यांचे सुमारे अकराशे कोटी डॉलर परत आले नाहीत असे दिसून आले. साठा, रोकड, शाखांची छाटणी, विक्रेत्यांची संख्या: १९२१ च्या फेररचनेतील बहुतेक विषय ह्या वेळीही पटलावर होते. नवे होते ते निवृत्त कामगारांच्या औषधपाण्याचे देणे, जे १९३७ नंतरच्या करारांतून वाढत आले होते.

ह्या कंपनीचा आपल्याशी संबंध जुना आहे. १९२८ साली तिने मुंबईस शिवडी येथे सुट्या भागांतून मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला होता. स्वातंत्र्यानंतर गाड्या नुसत्या जुळवू नका, येथेच बनवा, असे सरकारी धोरण आले, तेव्हा १९५४ साली तो बंद झाला. कंपनी पुन्हा भारतात आली ती १९९० नंतरच्या दशकात, गुजरातेत हालोल येथे. आणि मग पुण्याजवळ तळेगावला तिने मोठा कारखाना बांधला. त्याचे उद्घाटन २००८ च्या सप्टेंबरात झाले, म्हणजे न्यूयॉर्कची लेहमन बँक बुडाली त्याच महिन्यात. नफा पुरेसा नाही अशा देशांतून पाय काढण्याचे धोरण कंपनीने पुढे स्वीकारले. २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबविली आणि २०२० च्या डिसेंबरात तळेगावचे उत्पादनही बंद केले. तेथील कामगारांनी ह्या बंदीविरुद्ध न्यायालयाची पायरी चढली. २०२३ साली ह्युंदाई ह्या कोरियन कंपनीने तो कारखाना घेण्याचा करार केला. त्या करारात जमीन होती, इमारती होत्या आणि काही यंत्रसामग्री होती.